ऑक्टोबरातली हद्द

आमच्या सोसायटीत कोणतेही महत्त्वाचे काम रात्री साडेआठच्या आधी होत नाही. पाण्याची टाकी धुऊन झाली की ती पाहायची बॅटरी मारून. इमारतीचा रंग निवडायचा ट्यूबलाइटखाली, आणि सकाळी भिंत वेगळी दिसली म्हणून रंगाऱ्याशी भांडायचे. गच्चीची गळती शोधायला पंधरा माणसे अंधारात वर चढतात आणि ओल कुठे आहे ते तळहाताने चाचपून ठरवतात. याचे एक कारण असे की शहाड आणि कल्याणच्या मधली ही वस्ती नोकरदारांची आहे आणि माणसे घरी पोहोचतात आठ वाजता. दुसरे कारण कोणी बोलून दाखवत नाही. येथे कोणाचाही कोणावर विश्वास नाही. प्रत्येक गोष्ट सर्वांसमक्ष व्हावी लागते, आणि सर्व जण एकत्र सापडतात ते जेवणाआधीच्या त्या तासाभरात. रविवार कोणी देत नाही. रविवार ज्याच्या त्याच्या मालकीचा असतो.

या पद्धतीचे मला फारसे वाटत नसे. गेल्या ऑक्टोबरात तिच्यामुळे एका बाईच्या गिरणीवर गदा आली, म्हणून हे लिहितो आहे. राग अजून उतरलेला नाही. तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

आमची इमारत तीन मजल्यांची, जुनी. ती पाडून टॉवर बांधायचा असे ठरले. बिल्डरने सांगितले की आधी जागेची हद्द नक्की करून घ्या. पूर्वी साखळी टाकून मोजणी होत असे. आता एका काठीवर पांढरी टोपीसारखी तबकडी बसवलेले यंत्र असते. ते उपग्रहांचे संकेत घेते आणि काठीचे टोक पृथ्वीवर नेमके कुठे टेकले आहे ते बोटभर फरकाने सांगते. यंत्राची खात्री पटली की पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘फिक्स’ उमटते. खात्री नसली की ‘फ्लोट’. मोजणीदाराने फिक्स आल्यावरच बिंदू नोंदवायचा असतो. एवढाच नियम आहे.

आमचे अध्यक्ष विम्याच्या कंपनीत अधिकारी आहेत. वयाने माझ्या मुलाएवढे, बोलायला गोड. त्यांनी सूचनाफलकावर लावले की मोजणी दसऱ्यानंतरच्या बुधवारी रात्री साडेआठ वाजता होईल, सर्व सभासदांनी उपस्थित राहावे.

मी त्यांना जिन्यात थांबवले. म्हणालो, “या महिन्यात रात्री मोजणी करू नका. सकाळी करा.”

“का हो काका? काही अमावास्या वगैरे आहे का?”

“अमावास्या नाही. ऑक्टोबर आहे.”

ते हसले. मी विनोद केला असे त्यांना वाटले. मी आयुष्यात फार थोडे विनोद केले आहेत आणि जिन्यात एकही नाही.

हे मी कशाच्या आधारावर म्हणत होतो ते सांगायला हवे. माझी सारी नोकरी एका सरकारी संशोधन केंद्रात गेली. काम कंटाळवाणे होते आणि मला आवडत असे. एका उपग्रहाकडून सतत एकसारखा रेडिओ संकेत येई. तो आम्ही पकडत असू आणि त्याची ताकद कागदाच्या सरकत्या पट्टीवर एक पेन आखत राही. दिवसभर पेन सरळ रेघ ओढी. एप्रिलच्या दुपारी केंद्रात शिरले तर त्या रेघेकडे पाहून कोणालाही झोप यावी. सूर्य मावळून तास-दीड तास झाला की एखाद्या संध्याकाळी रेघेला बारीक कंप सुटे. थोड्या वेळात पेन कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत धावू लागे, इतके की शाई उडे. आकाश स्वच्छ असे. वारा नसे, ढग नसे. अंगणात उभे राहिलेल्या माणसाला काहीही कळले नसते.

चांदणी लुकलुकते ती तिच्या आणि आपल्या मधल्या हवेमुळे. उपग्रहाचा संकेतही तसाच लुकलुकतो. मात्र त्याच्या वाटेत हवा आड येत नाही, आड येते ते हवेच्याही पुष्कळ वर असलेले आयनांबर. तिथे उन्हाने अणूंचे तुकडे होऊन विजेचा भार असलेला एक पातळ समुद्र तयार होतो. सूर्य मावळला की या समुद्राचा खालचा भाग झपाट्याने विरतो. वरचा दाट थर टिकतो, उलट थोडा आणखी वर उचलला जातो. जड वर आणि हलके खाली अशी उलटी मांडणी होते, आणि उलटी मांडणी निसर्गात टिकत नाही. खालून विरळ भागाचे प्रचंड बुडबुडे वर फुटू लागतात. ते जन्मतात देशाच्या दक्षिण टोकाकडे, जिथून चुंबकीय विषुववृत्त जाते. पृथ्वीच्या चुंबकीय रेषांना धरून त्यांचे हात उत्तरेला पसरतात आणि थेट आपल्या डोक्यावर येऊन उतरतात. ठाणे, कल्याण हा पट्टा असा आहे की संध्याकाळी तो समुद्र इथे सर्वांत दाट असतो. म्हणून इथली लुकलुकही वाईट.

या प्रकाराला ऋतू आहेत. पावसाळ्यात, ज्येष्ठ-आषाढात, पेन बहुधा शांत राही. हिवाळ्यात अधूनमधून चाळवे. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर, म्हणजे दिवस-रात्र जवळजवळ सारखे असतात ते महिने, हे त्याच्या अंगात येण्याचे दिवस. कारण त्या दिवसांत मावळतीची रेघ चुंबकीय रेषांना जवळजवळ समांतर असते. एकाच रेषेची उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची दोन्ही टोके एकदम अंधारात जातात, आणि बुडबुड्यांना अडवणारे काही उरत नाही. सूर्याच्या अकरा वर्षांच्या फेऱ्यातली शांत वर्षे असली तर हे सारे निभावून जाते. सध्या सूर्य ऐन भरात आहे. गेल्या ऑक्टोबरात तर होताच.

इतके मी त्या अध्यक्षांना जिन्यात सांगू शकलो नाही. दूध घेऊन कोणी तरी वर चालले होते आणि आम्ही वाट अडवली होती.

बुधवारी साडेआठला सगळे जमले. मंडपवाल्याकडून दोन हॅलोजन आणले होते. कोणी खुर्च्या काढल्या. लहान मुले दिव्यांसमोर हात धरून भिंतीवर सावल्या पाडत होती. मोजणीदार तिशीच्या आसपासचा, डोंबिवलीच्या एका खासगी कार्यालयातला, अंगात कार्यालयाचे जाकीट. रस्त्याकडचे दोन कोपरे त्याने चटकन घेतले. काठी टेकवायची, पडद्याकडे पाहायचे, “फिक्स” म्हणायचे. लोक माना डोलावत होते, जणू त्यांनाच काही दिसत होते.

मग तो मागच्या बाजूला आला. मागच्या बाजूला आमच्या जागेला लागून एक चाळ आहे, आणि चाळीच्या टोकाला पिठाची गिरणी. तिथला कोपरा घ्यायला त्याने काठी टेकवली आणि तो थांबला. काठी उचलून पुन्हा टेकवली. पडदा पुसला.

“काय झालं?” अध्यक्षांनी विचारले.

“काही नाही सर. फ्लोटला गेलाय. येईल.”

आला आणि गेला. पुन्हा आला. मी त्याच्या खांद्यामागून पाहत होतो. काठी जमिनीत रुतवून तो पुतळ्यासारखा उभा होता, आणि आकडे मात्र चालत होते. काठी कुठे आहे याबद्दल यंत्राचे मत क्षणाक्षणाला बदलत होते. तो पडदा पाहताना मला ते पेन दिसत होते, असे लिहिले तर ते भावनिक वाटेल. पण तसेच झाले.

मी म्हणालो, “थांब. आता घेऊ नकोस. हे निवळायला वेळ लागेल.”

“ओ काका, करू द्या ना त्याला,” मागून एक आवाज आला. “माझी भाकरी थंड होतेय.”

“घे रे, घे. होतंय ना हिरवं मधूनमधून? हिरवं झालं की दाब.”

हिरवे झाले तेव्हा त्याने दाबले. दुसऱ्या कोपऱ्यालाही तसेच केले. हे हिरवे खोटेही असू शकते. संकेत असा तुटक-तुटक येत असला की यंत्र चुकीचे गणित धरून बसते आणि वर खात्रीही दाखवते. अशा बाबतीत यंत्र माणसासारखेच वागते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, खुर्च्या घडी केल्या आणि जेवायला गेले.

नकाशा आला तेव्हा मागची हद्द गिरणीच्या आत दोन मीटर घुसली होती.

गिरणी चालवतात त्या बाई साठीच्या आहेत. गिरणी त्यांच्या यजमानांनी घातली. ते गेल्यावर त्यांनी ती एकटीने चालवली. दोन मुलींची शिक्षणे त्या दगडांखालून निघाली. मी त्यांना ताई म्हणतो, त्या मला भाऊ म्हणतात. आमची ओळख एवढीच आणि पुरेशी. गिरणीच्या मागच्या भिंतीलगत मोटार आहे. मोटारीवरून पट्टा पुढच्या दगडांकडे येतो. भिंतीबाहेर कोपऱ्यात हद्दीचा जुना दगड आहे, गुडघ्याएवढा, चुन्याने रंगवलेला. यजमानांनी भिंत बांधली ती त्या दगडाला धरून, आमच्या तेव्हाच्या कमिटीला बोलावून, त्यांच्यासमोर.

सोसायटीने त्यांना पत्र दिले की अतिक्रमण काढून घ्यावे. दिवाळी तोंडावर होती. ज्या दिवशी पत्र गेले त्या दिवशी आमच्या इमारतीतले निम्मे डबे भाजणीसाठी त्यांच्याच फळीवर रांगेत होते. याची कोणाला लाज वाटली नाही, कारण ते दोन्ही एकत्र कोणी पाहिलेच नाही.

पत्नीने मलाही भाजणीचा डबा देऊन पाठवले. गिरणी चालू होती. ताई पिठाने पांढऱ्या झालेल्या, डोक्याला फडके बांधलेले. माझ्या पुढच्या बाई विचारत होत्या, “आधी कुणाची ज्वारी तर नाही ना घातली? माझ्या चकल्या हसतात मग.”

“तुमच्या चकल्या तेलामुळे हसतात, माझ्यामुळे नाही,” ताई म्हणाल्या. त्या बाई गेल्यावर त्यांनी गिरणी बंद केली. कानात एकदम शांतता भरली.

“भाऊ, हे दोन मीटर म्हणजे कुठवर?”

मी आत गेलो आणि हात आडवा धरून दाखवले. हात मोटारीच्या पलीकडे, पट्ट्याच्या मधोमध आला.

“मग मोटार कुठे ठेवू? डोक्यावर?”

“मोजणी चुकली आहे,” मी म्हणालो.

“यंत्र चुकतं?”

“या महिन्यात, रात्री, चुकतं.”

“तुम्हाला कसं माहीत?” असे त्यांनी विचारले नाही. त्या म्हणाल्या, “हे तुम्ही त्यांना सांगितलंत?”

“सांगितलं.”

“मग?”

भाजणी गरम होती. डबा कापडात धरून मी घरी आलो.

सभा पुढच्या आठवड्यात झाली, अर्थात साडेआठला. मी उभा राहिलो आणि शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितले. मावळती, दाट थर, बुडबुडे, ऑक्टोबर. मी कमी बोलणारा माणूस आहे. लोक मुकाट्याने ऐकत होते, ते त्यांना समजत आहे म्हणून की मी इतका वेळ बोलतो आहे याच्या आश्चर्याने, हे सांगता येणार नाही.

अध्यक्ष म्हणाले, “काका, तुमच्या अनुभवाचा आम्हाला आदर आहे.”

हे वाक्य ज्याने पहिल्यांदा बनवले त्याला शिक्षा व्हायला हवी. माणसाचे म्हणणे फेटाळायचे असले की त्याच्या अनुभवाचा आदर करतात.

“पण आकाशात बुडबुडे आले म्हणून आपली जागा कमी झाली, हे बिल्डरला कसं सांगायचं?”

“जागा कमी झालेली नाही. जास्त दिसते आहे.”

“मग तर चांगलंच आहे की,” कोणी तरी म्हणाले, आणि सगळे हसले.

दुसरा म्हणाला, “माझ्या मोबाइलवर रिक्षा बरोबर दारात येते, ऑक्टोबरमध्येपण.”

“रिक्षा दोन मीटर चुकली तर तुम्ही चालत जाता,” मी म्हणालो. “भिंत चालत जात नाही.”

“तर मग काका, कधी मोजायचं? पुढच्या पावसाळ्यात, छत्री धरून?”

“उद्या. सकाळी दहा वाजता. आकाशाला दिवसा काही होत नाही.”

उद्या सकाळी दहा वाजता कोणालाच जमणार नव्हते. बुडबुडे त्यांनी मानले असते, उपग्रह खोटे मानले असते. आपल्या गैरहजेरीत मोजणी होणे मात्र त्यांना मान्य नव्हते. विषय पुढे ढकलला गेला. जिना चढताना मागून एका मुलाचा आवाज ऐकू आला, “बुडबुडे आजोबा.” मी वळून पाहिले नाही. तो कोणाचा मुलगा आहे ते मला माहीत आहे.

मी मोजणीदाराला फोन केला. त्याचा क्रमांक नकाशावरच होता. तो आढेवेढे घेईल असे वाटले होते. तो म्हणाला, “येतो सर. माझ्याही डोक्यात ते बसलंय.”

तो सकाळी आला तेव्हा मी पहिला प्रश्न तोच विचारला. “तुला ठाऊक होतं?”

“ठाऊक म्हणजे, सर, कारण नाही माहीत. पण ह्या दिवसांत अंधार पडला की मशीन नाटकं करतं, हे आमच्यात सगळ्यांना माहितीये.”

“मग त्या रात्री बोलला का नाहीस?”

“एवढी पब्लिक उभी होती. मी काय सांगू, आकाश खराब आहे? आकाश तर एकदम साफ होतं. मला वेड्यात काढलं असतं.”

“मला काढलंच.”

“तुमचं ठीक आहे, सर. तुम्ही रिटायर आहात.”

मी त्याच्यावर संतापलो होतो, पण त्याचे बोलणे खरे होते. तो काठी घेऊन मागे गेला. सकाळचे ऊन होते, ताई गिरणीच्या दारात उभ्या होत्या, इतर कोणी नव्हते. काठी टेकताच फिक्स आला आणि हलला नाही. पुन्हा एकदा टेकवायला लावली. तेच. अर्ध्या तासाने, उपग्रहांची जागा बदलल्यावर, तिसऱ्यांदा. तेच. काठीचे टोक चुन्याच्या दगडावर होते आणि पडद्यावरची हद्दही तिथेच होती. ताईंच्या यजमानांनी भिंत बांधताना बोटभरसुद्धा जागा खाल्ली नव्हती. उलट ती किंचित आतच घेतली होती.

ताईंनी दगडाकडे पाहिले. “हा इथेच होता,” त्या म्हणाल्या. एवढेच. मग कोणाचा तरी डबा राहिला होता म्हणून आत गेल्या आणि गिरणी सुरू झाली.

मोजणीदाराने दुसरा नकाशा काढून दिला. त्यावर सही केली, शिक्का मारला. मला वाटले, विषय संपला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाने असे वाटू देऊ नये.

दिवाळी उलटल्यावर पुन्हा सभा झाली. अध्यक्षांनी दोन्ही नकाशे टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. त्यांच्या बोलण्यात मला कुठेही कपट जाणवले नाही, आणि तेच मला सर्वांत भयंकर वाटते. ते खरोखर न्याय करत होते.

“आपल्याकडे दोन मोजण्या आहेत,” ते म्हणाले. “एक सगळ्यांच्या समोर झालेली. एक काकांच्या समोर झालेली. दोन्ही त्याच माणसाने केल्या, त्याच मशीनने. आपण कोणालाच खोटं ठरवायचं नाही. मला वाटतं, मधलं घेऊ या. बाईंनी एक मीटर सोडावा, सोसायटीनेही एक मीटर सोडावा.”

“सोसायटीने काय सोडायचं?” मी विचारले. “जे तिचं नव्हतंच, त्यातलं अर्धं?”

“काका, समजुतीने घ्या.”

“ही समजुतीची बाब नाही. एक मोजणी बरोबर आहे आणि दुसरी चूक आहे. बिघडलेल्या काट्यावर एक पोतं तोललं आणि चांगल्या काट्यावर तेच पोतं तोललं, तर गिऱ्हाईक सरासरी काढतं का?”

“आमचा भाजीवाला तसंच करतो,” मागून कोणी तरी म्हणाले. पुन्हा हशा. हशाच्या भरात हात वर झाले आणि ठराव मंजूर झाला. माझा एकट्याचा विरोध नोंदवून घेतला. तोही आदराने.

मी आयुष्यभर अशा माणसांत काम केले की ज्यांना एका पेनाच्या थरथरीचा अर्थ लावायला वर्षे लागली तरी चालत, पण तो चुकीचा लावणे चालत नसे. आम्ही फार हुशार नव्हतो. भांडत असू, एकमेकांचे पाय ओढत असू. पण दोन आकडे जुळले नाहीत तर कोणता खोटा आहे ते शोधायचे, इतकी गोष्ट भांडणाच्या पलीकडची होती. या सभेत शिकलेली माणसे होती. दोन अभियंते होते. त्यांना सरासरी काढायला येत होती आणि ती कधी काढायची नसते हे माहीत नव्हते. किंवा माहीत होते आणि भूक लागली होती.

त्याच रात्री मी ठरवले की टॉवरच्या संमतीपत्रावर सही करायची नाही. पत्नीला सांगितले. तिचे गुडघे गेले आहेत. तिसऱ्या मजल्यावरून ती आठवड्यातून एकदा खाली उतरते. आमची मुलगी ठाण्याला वर्तकनगरात राहते. तिची वसाहत पाडून टॉवर झाला, आता लिफ्ट आहे. तिथून परत आल्यावर पत्नी दोन दिवस लिफ्टबद्दल बोलते.

ती म्हणाली, “इतकी वर्षं त्या वेड्या पेनाकडे बघत बसलात. मी कधी काही म्हटलं? आता एक सही तर करायची आहे.”

“त्या संमतीपत्राला तोच एक मीटरचा नकाशा जोडला आहे.”

“त्या बाईंना विचारलंत? त्यांना तुमची ही लढाई हवी आहे का?”

विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी गेलो. आत गवंडी उभा होता आणि मोटार भिंतीपासून सुटी करून दाराजवळ ओढून ठेवली होती. जमिनीवर तिच्या तेलाचा काळा चौकोन राहिला होता.

“हे काय?” मी म्हणालो.

“मीटरभर आत घेते भिंत. मोटार इकडे बाजूला बसते म्हणतोय हा. पट्टा आखूड करावा लागेल.”

“ताई, तुम्ही काही करू नका. मी सही दिलेली नाही. बिल्डरला सगळ्यांच्या सह्या हव्यात, त्याशिवाय तो पुढे जाणार नाही. जागा तुमची आहे. मोजून दाखवली आहे मी.”

“तुम्ही मोजलं ते खरंच आहे, भाऊ. मी कधी नाही म्हटलं?” त्यांनी फडक्याने हात पुसले. “पण हे टॉवर बांधतील, मग वर राहतील, आणि दळण घेऊन कुठे येतील? इथेच. नाही आले तर मी काय दळू? चुन्याचा दगड?”

“म्हणून खोट्याला अर्धं द्यायचं?”

“दोन मीटर मागत होते. तुम्ही होतात म्हणून एकावर आलं.” त्या हे समजावणीच्या सुरात बोलल्या नाहीत. हिशोब सांगावा तसे बोलल्या. “पूर्ण दोन गेले असते तर गिरणी गेली असती. आता अडचण होईल, पण चालेल. तुम्ही सही देऊन टाका. वहिनींचे पाय बघा.”

मला त्यांचा राग आला. अध्यक्षांचा आला होता त्याहून जास्त. अध्यक्षांना खरे काय ते कळले नव्हते. या बाईंना ते कळले होते, आणि त्यांनी ते बाजूला ठेवले होते, दळणाचा डबा फळीवर सरकवून ठेवावा तसे. मी काही तरी कठोर बोललो. काय ते इथे लिहीत नाही. त्या रागावल्या नाहीत. वेळ नव्हता त्यांना. गवंडी घाईत होता, त्याचा जोडीदार आलेला नव्हता, आणि भिंतीची नवी रेघ आखायची होती. गवंड्याने एका टोकाला खिळा ठोकून दोरी बांधली आणि दुसरे टोक हातात धरून इकडेतिकडे पाहिले.

“भाऊ,” ताई म्हणाल्या, “तेवढी दोरी धरा.”

दोरी जिथे धरायची होती ती जागा हद्दीपासून मीटरभर आत होती. हद्द कुठे आहे ते त्या खोलीत आम्हा तिघांनाही माहीत होते. मी सही आजवर केलेली नाही आणि पत्नी माझ्याशी कामापुरतेच बोलते. पण त्या सकाळी मी खाली बसलो आणि दोरी धरली.

“जरा ताणा, बाबा,” गवंडी म्हणाला. “झोल येतोय.”

मी ताणली.